विचारमर्यादा न पाळल्याबाबत व तिचे नियंत्रण काढून घेतल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: भाषा-मॉडेलने उत्तरापूर्वी किती विचार करावा, हे ठरवण्याच्या सोयीतील दोष आणि त्यापोटी झालेली अवाजवी आकारणी

महोदय,

उत्तर देण्याआधी विचार करणारे आपले भाषा-मॉडेल (मजकूर वाचून उत्तर लिहिणारी एआय प्रणाली) आम्ही एपीआयद्वारे, म्हणजे आमच्या संगणक-प्रणालीतून थेट जोडून, सशुल्क वापरतो. आमची कामे दोन अगदी वेगळ्या प्रकारची आहेत. पावत्यांवरील तारखा एकाच पद्धतीत लिहून घेणे हे एक, आणि करारनाम्याच्या जुन्या व नव्या मसुद्यातील कलमे ताडून पाहणे हे दुसरे. पहिल्या कामाला विचार जवळजवळ लागतच नाही, दुसऱ्याला भरपूर लागतो. विचाराची पातळी ‘कमी’, ‘मध्यम’ किंवा ‘जास्त’ ठेवता येईल, असे आपण जाहीर केले होते, आणि केवळ त्या सोयीसाठी आम्ही आपली सेवा निवडली.

प्रत्यक्षात पातळी ‘कमी’ ठेवूनही मॉडेल तारखांवर रेंगाळत होते. ‘03/04/2024’ या नोंदीचेच उदाहरण घ्या. दिवस आधी आणि महिना नंतर, असे आमच्या सूचनेत स्पष्ट लिहिलेले होते. विचाराचा जो सारांश आपण दाखवता, त्यात मॉडेलने सुरुवातीलाच 3 एप्रिल हे बरोबर उत्तर काढलेले दिसते. त्यानंतर मात्र ‘पण थांबा, महिना आधी असेल तर?’ अशी शंका काढून ते त्या दिवशी कोणता वार होता हे तपासते, लीप वर्षाचा विचार करते, आमची सूचना पुन्हा वाचते आणि शेवटी पहिल्याच उत्तरावर परत येते. या विचारातले सगळे टोकन (मॉडेल ज्या छोट्या तुकड्यांत मजकूर लिहिते आणि ज्यांवर आकारणी होते ते) आउटपुटच्या, म्हणजे मॉडेलने लिहिलेल्या मजकुराच्या, दराने आमच्या बिलात लागले आहेत. उत्तर एका ओळीचे आणि आकारणी कित्येक परिच्छेदांची, असा हा हिशेब आहे.

करारनाम्यांच्या बाबतीत झालेले नुकसान याहून गंभीर आहे. तिथे आम्ही आउटपुटची मर्यादा 8,000 टोकन ठेवली होती. विचार आणि उत्तर या दोन्हींची मोजणी आपण त्याच एका मर्यादेत करत असल्यामुळे मॉडेलला पाठवलेल्या काही विनंत्यांमध्ये सगळे टोकन विचारातच खर्ची पडले आणि आमच्या हाती रिकामे उत्तर आले. थांबण्याचे कारण म्हणून ‘मर्यादा गाठली’ एवढीच नोंद होती. एक अक्षरही न मिळता पूर्ण आकारणी झाली. यावर आपल्या ग्राहक सेवेने ‘मर्यादा वाढवून पाहा’ असे कळवले. तो सल्ला आम्ही पाळला, पण मर्यादा वाढवली की विचारही लांबतो आणि उत्तर येईलच याची खात्री तेव्हाही राहत नाही. जी मर्यादा पाळायची जबाबदारी कोणावरच नाही, तिला मर्यादा तरी कशी म्हणायची?

विचाराला वेळ दिल्याने अवघड गणित, प्रोग्रामिंग किंवा गुंतागुंतीच्या कलमांची उत्तरे सुधारतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. करारनाम्यांसाठी आम्ही त्याचे पैसे आनंदाने मोजतो. विचार मध्येच तोडला तर उत्तर कच्चे राहू शकते, हेही मला ठाऊक आहे, आणि ती जोखीम पत्करायची की नाही, हे काम ज्याचे आहे त्याला ठरवू द्यावे.

विचाराला ग्राहकाने ठरवलेली मर्यादा घालणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, असे आपण म्हणू शकणार नाही. 2025 च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या ‘एस1’ या संशोधनात विचाराची मर्यादा संपताच विचार-समाप्तीची खूण घालून मॉडेलला उत्तराकडे वळवण्याची साधी पद्धत दाखवलेली आहे. त्याच संशोधनात विचार संपवू पाहणाऱ्या मॉडेलपुढे ‘थांब’ अशा अर्थाचा शब्द ठेवून विचार लांबवलाही आहे, आणि फार ताणल्यास मॉडेल तेच तेच घोळत बसते, हेही नोंदवले आहे. एप्रिल 2025 मध्ये आलेल्या गूगलच्या ‘जेमिनी 2.5 फ्लॅश’ या मॉडेलमध्ये विचारासाठीचे टोकन शून्यापासून 24,576 पर्यंत ठरवण्याची सोय होती. त्याच महिन्यातील अलीबाबाच्या ‘क्वेन3’ या मॉडेलमध्ये विचार पूर्ण बंद करता येत होता. म्हणजे आम्ही काही जगावेगळे मागत नाही.

असे असताना आपण ताज्या बदलात पातळी निवडण्याची सोयच काढून टाकली आणि किती विचार करायचा हे मॉडेल स्वतः ठरवेल असे कळवले, तेही बदल लागू झाल्यानंतर. या तक्रारीचा मुख्य मुद्दा हाच आहे. मॉडेलला प्रश्न दिसतो, पण चुकीच्या उत्तराची आम्हाला पडणारी किंमत दिसत नाही. लांबलचक पण सोपी पावती त्याला अवघड वाटते, आणि दोन ओळींचे फसवे कलम ते पटकन उरकून टाकते. आम्ही नमुने तपासून प्रत्येक कामासाठी बसवलेली पातळी एका रात्रीत निरुपयोगी ठरली. शिवाय वापराचा हिशेब दाखवणाऱ्या आपल्या डॅशबोर्डवर विचाराचे आणि उत्तराचे टोकन एकत्रच दाखवले जात असल्याने बिल कशामुळे फुगले, हे आम्हाला ताडूनही पाहता येत नाही.

तरी विचार आणि उत्तर यांच्या मर्यादा वेगवेगळ्या ठेवाव्यात, विचाराची मर्यादा संपल्यावर मॉडेलने उत्तर दिलेच पाहिजे अशी व्यवस्था करावी आणि विचार पूर्ण बंद ठेवण्याचा पर्याय द्यावा, ही विनंती. स्वयंचलित पद्धत हवी त्याच्यासाठी खुशाल ठेवावी, पण ती सक्तीची नसावी. दोन्ही टोकनसंख्या प्रत्येक विनंतीमागे स्वतंत्र दाखवाव्यात आणि पुढे असा कोणताही बदल आगाऊ लेखी सूचना देऊनच करावा. ज्या विनंत्यांना रिकामे उत्तर मिळाले, त्यांची आकारणी परत करावी. त्यांचे ओळख क्रमांक आणि थांबण्याच्या कारणाच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत.

‘मर्यादा वाढवून पाहा’ हे उत्तर आम्हाला यापूर्वीच मिळालेले असल्याने या वेळी प्रत्येक मागणीवर स्वतंत्र लेखी खुलासा करावा.

आपला,
एक सशुल्क ग्राहक

सोबत: रिकाम्या उत्तरांच्या विनंत्यांची यादी, संबंधित बिले, ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार