आता त्याला जरा एकटं सोड

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

फोटो पाहिले. नऊ वर्षांचा बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर), नर, मुक्काम अमेरिकेत सेंट लुइसमधला तुझा फ्लॅट. घराघरांतून साप बाहेर काढण्यात माझी हयात गेली आणि लेकीने तो घरात आणला, म्हणून इथले सगळे सर्पमित्र मला चिडवतायत. मीही आधी वैतागलो. आपल्याकडे देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पकडलेली धामणसुद्धा आम्ही वनखात्याला कळवून सोडतो. पण तुझ्या सापाला कुठे सोडणार? त्याची जात घाना, टोगो, बेनिनकडची. तुमच्या मिझुरी राज्यातला हिवाळा त्याला झेपायचा नाही, आणि उबदार फ्लोरिडात पाळीव म्हणून आलेल्या ब्रह्मी अजगरांनी तिथल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीतले ससे-रॅकून कसे संपवलेत ते जगजाहीर आहे. तेव्हा पहिल्या मालकाला नकोसा झालेला जीव तू घेतलास, ते ठीकच केलंस.

फक्त व्हिडिओत तो सारखा तुझ्या गळ्यात दिसतो, ते थांबव. नवी जागा, नवे वास, नवी कंपनं; तो घाबरलेला आहे. डोकं आत घेऊन चेंडूसारखं वेटोळं करतो ते लाडाने नव्हे. निदान आठवडाभर हात लावू नकोस. तो एकदा-दोनदा नीट जेवेपर्यंत थांबलीस तर उत्तम. पाणी बदल, विष्ठा उचल, झाकणाची खिट्टी लाव, बस. ती खिट्टी मात्र विसरायची नाही. बोटभर फटीतून साप कसा निसटतो ते तुला मी सांगायला नको.

मोठा साप आपल्या सवयी घेऊन येतो. आधीच्या मालकाला आजच फोन कर. छोटा उंदीर देत होता की मोठा (रॅट), जिवंत की गोठवलेला, शेवटचं कधी खाल्लं, तळाला काय अंथरलेलं असायचं, सगळं लिहून घे आणि सुरुवातीला तसंच चालू ठेव. त्यात चुकीचं काही असेल तर ते सावकाश बदलता येईल. अपवाद उष्णतेचा, ती पहिल्याच दिवशी बरोबर हवी. पेटीचं एक टोक ३१-३२ अंश सेल्सिअस, दुसरं २५-२६, आणि दोन्हीकडे अंगाला घट्ट बसेल असा एकेक आडोसा. आडोसा एकच ठेवलास तर ऊब आणि लपणं यांतलं एक निवडायची पाळी त्याच्यावर येते. हीटरला थर्मोस्टॅट हवाच. पोट भाजलं तरी साप कित्येकदा तिथून हलत नाही.

ओलावा साठ टक्क्यांच्या आसपास राहू दे. तुमच्याकडे हिवाळ्यात हीटिंगमुळे हवा कोरडी पडते आणि मग कात तुकड्यातुकड्यांनी निघते. काथ्याचा भुसा ओल धरतो, तो घाल. सीडरच्या (देवदारासारख्या) लाकडाचा नको, त्याचा वास सापाला बाधतो.

जेवला नाही म्हणून रडत फोन करू नकोस. बॉल पायथन महिनोन्‌महिने उपाशी राहतात, जागा बदलली की हमखास, आणि हिवाळ्यात नर तर विशेषच. स्वयंपाकघरात असतो तसल्या काट्यावर नियमित वजन कर (काटा वेगळा घे, आईला कळलं तर माझी धडगत नाही). वजन टिकून आहे तोवर स्वस्थ बस. झपाट्याने घटलं तर डॉक्टर. गोठवलेला उंदीर पिशवीत घालून गरम पाण्यात ठेव, मायक्रोवेव्हमध्ये नको. त्याच्या ओठांवरच्या खळग्यांना उष्णता जाणवते, म्हणून थंडगार उंदराकडे तो बघणारही नाही. लांब चिमट्याने दे, बोटांनी नाही. खाल्ल्यावर दोन दिवस उचलायचं नाही.

तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकाशी बुडबुडे, खवल्यांत किंवा पाण्यात काळे ठिपके (हे गोचिडीसारखे बारीक परजीवी असतात), यातलं काही दिसलं तर वाट पाहू नकोस. सापांचा डॉक्टर आत्ताच शोधून ठेव. साप निरोगी दिसला तरी त्याच्यावर साल्मोनेला (माणसाचं पोट बिघडवणारे जीवाणू) असू शकतो, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे.

आजी विचारते, नागपंचमीला दूध देणार का. सांगितलं की साप दूध पीत नाहीत, गारुडी त्यांना तहानलेले ठेवतात म्हणून ते तोंड लावतात. तिला पटलेलं नाही.

एक हिशेब मात्र करून ठेव. तुझ्याच गावच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या बॉल पायथनच्या मादीने २०२० मध्ये सात अंडी घातली, वय किमान ६२, आणि पंधरा-एक वर्षांत नराचा सहवास नाही! सगळे इतके जगत नाहीत, पण तुझा आणखी वीस वर्षं सहज जगेल. नोकरी बदलली, लग्न झालं, भारतात परतायचं ठरलं, तर त्याचं काय? बॅगेत घालून आणता येणार नाही. त्याच्या जातीला आंतरराष्ट्रीय परवाने लागतात. तुझ्यामागे त्याला कोण सांभाळेल, ते एका मैत्रिणीशी बोलून ठेव.

पहिली कात पडली की सरळ करून फोटो पाठव. डोळ्यांवरची दोन्ही पारदर्शक झाकणं कातीबरोबर निघाली आहेत का ते मला बघायचंय.

तुझे,
बाबा