मॉड्यूल काढताना आधी सॉकेट शटडाउन करा

संपादक महोदय,

लिनक्स कर्नल मॉड्यूलमधून (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मॉड्यूल म्हणजे तो चालू असतानाच जोडता-काढता येणारा कोड) सॉकेट, म्हणजे नेटवर्क जोडणीचे टोक, कसे उघडायचे, हे शिकवणारे लेख भरपूर आहेत. घात होतो तो मॉड्यूल काढताना, आणि त्याबद्दल फार कमी लिहिले जाते.

नेहमीची मांडणी अशी असते: एक कर्नल थ्रेड (कर्नलमध्ये स्वतंत्रपणे चालणारे काम) टीसीपी सॉकेटच्या रिसीव्ह कॉलमध्ये डेटाची वाट पाहत असतो. मॉड्यूल काढताना चालणाऱ्या एक्झिट फंक्शनने थेट केथ्रेड_स्टॉप (थ्रेडला थांबायला सांगणारे फंक्शन) बोलावले, तर ते थ्रेड संपेपर्यंत थांबते. थ्रेड मात्र डेटा आल्याशिवाय परतत नाही. मॉड्यूल काढणारा आरएममॉड 'डी' अवस्थेत, म्हणजे सिग्नलनेही न तुटणाऱ्या झोपेत, अडकतो, किल -९ चाही उपयोग होत नाही, मशीन रीबूट करावे लागते. यावर उपाय म्हणून कुणी सॉक_रिलीज (सॉकेट मोकळे करणे) आधी केले, तर अधिकच वाईट: थ्रेड मोकळी झालेली मेमरी वापरत राहतो.

योग्य क्रम असा: आधी कर्नल_सॉक_शटडाउन, दोन्ही दिशांनी (पाठवणे आणि घेणे). त्याने अडकलेला रिसीव्ह शून्य घेऊन परततो. मग केथ्रेड_स्टॉप, आणि सॉक_रिलीज सर्वांत शेवटी, एकदाच. यातही एक बारकावा हमखास निसटतो. शून्य मिळताच थ्रेडचे फंक्शन संपले, तर केथ्रेड_स्टॉपच्या हाती संपलेल्या टास्कचा (थ्रेडच्या कर्नलमधील नोंदीचा) पॉइंटर उरतो. म्हणून केथ्रेड_क्रिएटनंतर, थ्रेड जागा करण्याआधीच, गेट_टास्क_स्ट्रक्टने तो टास्क धरून ठेवावा आणि स्टॉपनंतर सोडावा.

थ्रेडऐवजी एसके_डेटा_रेडी कॉलबॅक (डेटा आला की कर्नल बोलावतो ते फंक्शन) बदलत असाल, तर तो बहुधा सॉफ्टआयआरक्यूमध्ये, म्हणजे इंटरप्टनंतरच्या घाईच्या कामांत, चालतो. तिथे झोपणारा कॉल करता येत नाही. काम वर्कक्यूवर (मागाहून करायच्या कामांच्या रांगेत) टाकून लगेच परतावे. आवरताना एसके_कॉलबॅक_लॉक धरून मूळ कॉलबॅक परत बसवावा, मग कॅन्सल_वर्क_सिंक (रांगेतले काम रद्द करून, चालू असलेले संपेपर्यंत थांबणे), मग रिलीज.

सॉक_क्रिएट_कर्नने उघडलेले सॉकेट नेटवर्क नेमस्पेसला (कंटेनरला मिळणाऱ्या वेगळ्या नेटवर्कला) धरून ठेवत नाही, हेही कंटेनरच्या काळात विसरू नये. जुन्या नमुन्यांतले, सॉकेटचे पर्याय ठरवणारे कर्नल_सेटसॉकऑप्ट तर २०२० मध्ये, ५.८ आवृत्तीत, काढूनच टाकले आहे.

शक्य असेल तिथे सॉकेट युजरस्पेसमध्येच (कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्राममध्ये) उघडावे, समोरच्या सर्व्हरशी बोलणी तिथेच उरकावीत आणि फक्त फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या सॉकेटचा क्रमांक) कर्नलकडे द्यावा, असे आमचे ठाम मत आहे. एनबीडी (नेटवर्कवरची डिस्क वापरू देणारा) ड्रायव्हर हेच करतो. ते शक्य नसेल, तर निदान व्हर्च्युअल मशीनमध्ये कासान (मेमरीच्या चुका पकडणारे साधन) आणि लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारे साधन) चालू असलेल्या कर्नलवर, डेटा वाहता असतानाच, इन्समॉड (मॉड्यूल जोडणे) आणि आरएममॉड शेकडो वेळा करून पाहावे.

— कर्नलवर काम करणारे काही वाचक, पुणे