कारगिलच्या तोफा आठवतात, साटावाल्यांचं काय?

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

जुलै 2022 मध्ये द्रासच्या पॉइंट 5140 ला ‘गन हिल’ हे नाव मिळालं. तोफखान्याचा तो मान होताच. पण त्याच तोफखान्यात शत्रूची तोफ नेमकी कुठून डागते हे हुडकणारी माणसंही असतात. सरकारी भाषेत ‘सर्व्हेलन्स अँड टार्गेट अॅक्विझिशन’, गनरांच्या तोंडी नुसतं ‘साटा’. त्यांचा इतिहास लोकांसमोर यावा, यासाठी हे पत्र.

या विद्येची सुरुवात कानांनी झाली. 1915 मध्ये लॉरेन्स ब्रॅग या तरुण शास्त्रज्ञाला ब्रिटिश सैन्याने आघाडीवर पाठवलं. ओळीने मायक्रोफोन मांडायचे, तोफेचा आवाज प्रत्येकापर्यंत किती फरकाने पोहोचतो ते मोजायचं आणि त्यावरून तोफेची जागा काढायची. त्याच वर्षी त्याला नोबेलही मिळालं. पुढे रडार आलं आणि कानांचं काम डोळ्यांकडे गेलं.

आपल्याकडे मात्र 1999 उजाडलं तरी हाताशी होती ती जुनी ब्रिटिश ‘सिम्बेलाइन’ रडार. ती मुळात उखळी तोफांसाठी. तिचा किरण आधी खाली, मग थोडा वर धरायचा. चढता गोळा दोन्ही ठिकाणी पडद्यावर उमटला की ऑपरेटरने दोन्ही खुणा पकडायच्या आणि त्यावरून मागे हिशेब करत गोळा सुटला ती जागा काढायची. उखळीचा गोळा उंच आणि सावकाश जातो, म्हणून हे जमतं. लांब पल्ल्याच्या तोफेचा गोळा सपाट आणि वेगात येतो, तिथे ही रडार तोकडी पडते. त्यात रडार सुरू ठेवलं की त्याचाच ठावठिकाणा शत्रूला लागायची भीती. म्हणून क्षणभर लावायचं, बंद करायचं, जागा बदलायची. पलीकडे पाकिस्तानकडे तोफा हुडकणारी अमेरिकन ‘फायरफाइंडर’ रडार होती. आपण बोफोर्सचं कौतुक भरभरून केलं, ते रास्तच. या उणिवेबद्दल मात्र क्वचितच कोणी बोलतं.

2002 मध्ये अमेरिकेकडून आठ ‘टीपीक्यू-37’ रडार (हीही फायरफाइंडरच) घ्यायचं ठरलं. पोखरणनंतरच्या निर्बंधांमुळे आटलेला शस्त्रव्यवहार त्यातून पुन्हा वाहता झाला. दुसरीकडे बेंगळुरूच्या एलआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने शत्रूच्या तोफा हुडकणारं ‘स्वाती’ रडार घडवलं, भारत इलेक्ट्रॉनिक्सने (बीईएल) ते बनवलं आणि 2 मार्च 2017 रोजी मनोहर पर्रीकरांनी लष्कराकडे सोपवलं. 2020 मध्ये आर्मेनियानेही चार ‘स्वाती’ मागवली. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, पण ती गरज ज्यांना मैदानात जाणवली त्यांचं नावही त्यात येत नाही. मला तर हे चमत्कारिकच वाटतं.

आता मुद्द्याची गोष्ट. जून 2021 मध्ये आपणच युद्धेतिहासाच्या धोरणाला मंजुरी दिलीत. त्यानुसार कागदपत्रं साधारणपणे 25 वर्षांनी खुली व्हावीत असं आहे. कारगिलची पंचविशी 2024 मध्येच पूर्ण झाली. कारगिलचा आढावा घेणाऱ्या सुब्रह्मण्यम समितीनेही युद्धेतिहास लिहिण्यावर भर दिला होता.

तेव्हा विनंती अशी, की कारगिलचा अधिकृत इतिहास लिहिताना साटा युनिटांना तळटीपेत न ढकलता स्वतंत्र प्रकरण द्यावं. कोणत्या रडारने काय टिपलं, काय निसटलं, त्यावरून किती वेळा काउंटर बॉम्बार्डमेंट, म्हणजे शत्रूच्या तोफांवर उलटा मारा, झालं, हे युद्ध-डायऱ्यांमधून काढता येईल. आजच्या रडारची गुपितं अर्थातच झाकलेली राहोत, पण सिम्बेलाइनचं गुपित आता कोणापासून राखायचं? आणि डायऱ्यांत जे उतरत नाही त्यासाठी निवृत्त ऑपरेटर, सर्व्हेअर आणि रडार-मेकॅनिक यांच्या मुलाखती त्यांच्याच भाषेत ध्वनिमुद्रित व्हाव्यात. देवळालीचं स्कूल ऑफ आर्टिलरी हे काम हाती घेऊ शकेल. कारगिलला तिशीत असलेले जवान आज साठीच्या घरात आहेत, त्यामुळे आपल्या मंत्रालयाच्या इतिहास विभागाने मुलाखतींचं काम कागदपत्रांची वाट न बघता आधी सुरू करावं.

कळावे,
आपला नम्र,
एक मराठी वाचक