ओव्हन घासण्याआधी आतला पत्रा ओळखा

महोदय,

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की ‘सोडा आणि व्हिनेगर एकत्र करा, ओव्हन चकाचक’ हा उपाय व्हॉट्सॲपवर हमखास फिरतो. फेस भरपूर येतो म्हणून तो पटतोही. पण एक अल्कधर्मी, दुसरे आम्ल. दोन्ही एकमेकांना मारतात आणि हाती उरते ते क्षाराचे पाणी. त्याने तूप-तेलाचा तपकिरी थर हलत नाही, कारण वारंवार तापून ते तेल वार्निशसारखे घट्ट झालेले असते.

आधी प्लग काढून ओव्हन पूर्ण गार होऊ द्यावा. जाळी, ट्रे आणि तळाचा चुऱ्याचा ट्रे बाहेर काढून कोरडेच झटकावेत. आपल्याकडे शेंगदाणे भाजले जातात, कडक भाकरी पुन्हा करकरीत केली जाते. ती फोलपटे आणि पीठ खालच्या रॉडपाशी साचते. धूर बहुधा तिथूनच निघतो.

चार चमचे खाण्याच्या सोड्यात दीड चमचा पाणी घालून घट्ट लेप करावा. आत गुळगुळीत, काचेसारखा इनॅमलचा थर असेल तर लेप रात्रभर ठेवला तरी चालतो. पण घरगुती ओटीजीत (टोस्टर-ग्रिलसह येणाऱ्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) बहुतेक वेळा चकचकीत मुलाम्याचा पत्रा असतो. तिथे अर्धा तास पुरे, आणि तारेची घासणी नकोच. मुलामा खरवडला की गंज धरतो. शिवाय घासणीचा तुटका तुकडा रॉडच्या टोकाशी अडकला तर शॉर्टसर्किटची भीती. रॉड आणि भिंतीलगतची थर्मोस्टॅटची बारीक नळी यांना लेप लावू नये.

लेप जुन्या प्लॅस्टिक कार्डाने खरवडून पिळलेल्या फडक्याने तीन-चार वेळा पुसावा. पाणी ओतायचे नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या सोलापुरात हे सोयीचेच! शेवटच्या पुसण्यासाठी मात्र निम्मे पाणी, निम्मे व्हिनेगर घ्यावे. व्हिनेगरचे खरे काम इथे आहे: सोड्याची पांढरी पूड आणि बोअरच्या जड पाण्याचे काचेवरचे डाग दोन्ही निघतात. मग आतला भाग सुकण्यासाठी दार तासभर उघडे ठेवावे. नंतर दार लावून, खोलीची खिडकी उघडून, रिकामा ओव्हन १८० अंशांवर दहा-पंधरा मिनिटे चालवावा.

मोरीचा पाइप मोकळा करायची पावडर ओव्हनमध्ये वापरण्याचा सल्लाही ऐकू येतो. तो तर धोक्याचाच. तिच्यातला कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियम खातो, त्यातून ज्वलनशील हायड्रोजन सुटतो आणि हातही भाजतात. अॅल्युमिनियमचे ट्रे खाण्याच्या सोड्यातही रात्रभर भिजवले तर काळे पडतात. त्यांना कोमट पाणी आणि भांड्यांचा साबणच बरा.

– एक वाचक, सोलापूर