तुझ्या रिकाम्या खुर्चीशेजारून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

ताप उतरला का? परवा फोनवर तुझा आवाज इतका बसलेला होता की जेवणाचा विषय काढावासाच वाटला नाही. पण सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

त्या फ्रेंच-जपानी रेस्टॉरंटमध्ये आपलं दोघांचं बुकिंग होतं आणि मी एकटाच गेलो. जागा अगदी लहान. एकच लाकडी काउंटर, त्याला नऊ खुर्च्या, आणि समोर हाताच्या अंतरावर शेगड्या. आत शेफ आणि एक मदतनीस, बाहेर वाढायला एक बाई. संगीत नाही. त्यामुळे कढईतली चरचर आणि सुरीचा पाटावरचा आवाज, सगळं ऐकू येतं. तू आजारी असल्याचं मी सांगितलं, तर त्या बाईंनी तुझ्या जागेवरचा नॅपकिन उचलला नाही. मलाही ते बरं वाटलं.

बसल्याबरोबर हात पुसायला गरम ओला टॉवेल आला. त्यामागोमाग पाव, आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, घातलेलं लोणी. मग वाटीत वाफवलेलं अंड्याचं चवानमुशी: अंड्याच्या तिप्पट दाशी, म्हणजे जपानी स्वयंपाकातलं पातळ सार, म्हणून ते चमच्यावर जेमतेम उभं राहतं. छान होतं, पण मला लिहायचंय ते पुढच्या पदार्थाबद्दल.

तू नेहमी म्हणतोस, ‘फ्रेंच की जपानी, एक काहीतरी ठरवा.’ वाटेत माझ्याही मनात तेच होतं. त्यात शेफने ब्यूर ब्लांक करायला घेतला. हा लोण्याचा पांढरा सॉस, फ्रान्समधल्या नांत शहराकडचा, अगदी जुन्या वळणाचा. शॅलट, म्हणजे ते छोटे लांबट कांदे, बारीक चिरून व्हाइट वाइन आणि व्हिनेगरमध्ये आटवायचे. तळाशी चमचा-दोन चमचे उरलं की आच मंद करायची आणि थंडगार लोण्याचा एकेक तुकडा टाकत घोटत राहायचं. जरा तापला की सॉस फुटतो, तूप वेगळं होतं. तो मधूनच भांडं आचेवरून उचलायचा आणि पुन्हा ठेवायचा. नजर एकदाही हलली नाही त्याची.

मी विचारलं, यात जपानी काय? त्याने उत्तर दिलं नाही. एका चमच्यात तसाच सॉस दिला. मग पातेल्यात आटवलेली दाशी आणि युझू या जपानी लिंबाच्या रसाचे थेंब घातले, आणि दुसरा चमचा पुढे केला.

पहिला चमचा सुंदरच होता, पण लोणी जिभेवर रेंगाळत राहिलं. दुसऱ्यात लोणी तेवढंच, तरी घास गिळला की तोंड स्वच्छ. समुद्राचा वास नाही, माशाची चव नाही. कुणी सांगितलं नसतं तर त्यात दाशी आहे हे मला कळलंही नसतं. मग तोच सॉस कुरकुरीत सालीच्या सी बास माशाखाली आला आणि मी बराच वेळ काही बोललो नाही.

दाशीची कृती त्यानेच सांगितली. कोम्बू हे समुद्री शेवाळ पाण्यात घालून साठ अंशांच्या आसपास तासभर ठेवायचं आणि उकळी यायच्या आत काढायचं. मग वाळवलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे टाकायचे, काही क्षण थांबायचं आणि न पिळता गाळायचं. फ्रेंच स्वयंपाकघरात हाडं, कांदा, गाजर, सेलरी तासन्तास उकळत ठेवतात. इथे बराचसा जोर वेळेवर थांबण्यावर. १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी उमामी ही पाचवी मूळ चव शोधली तीही याच कोम्बूच्या पाण्यात. त्यातलं ग्लुटामेट आणि माशातलं इनोसिनेट हे चवीचे घटक एकत्र आले की चव कित्येक पटींनी वाढते. म्हणून तेवढीशी दाशी एवढ्या लोण्याला पुरते.

आणि ही फॅशनही नव्हे रे. १९७० च्या दशकात फ्रेंच शेफ जपानला जाऊ लागले. फ्रेंच जेवणातले हलके सॉस, लहान लहान कोर्स, ऋतूप्रमाणे बदलणारं ताट यांत कैसेकीचा, म्हणजे जपानी पद्धतीच्या अनेक छोट्या पदार्थांच्या जेवणाचा, वाटा मोठा आहे. फ्रेंच शेफ जोएल रोबूशोन यांनी २००३ मध्ये सुशी बारसारखा काउंटर फ्रेंच जेवणापुढे मांडला. २०२० मध्ये केई कोबायाशी हे फ्रान्समध्ये मिशलँ (मिशेलिन) गाइडचे सर्वोच्च तीन स्टार मिळवणारे पहिले जपानी शेफ ठरले. पन्नास वर्षांची ये-जा आहे ही.

सगळंच जमलं होतं असं मात्र नाही. बदकासोबत वसाबी होती, ती मला उपरी वाटली. तिथे मोहरीच हवी होती. शेवटचं माचाचं, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या पुडीचं, आइस्क्रीम ठीक. तुझी शंका अशा ठिकाणी खरी ठरते, हे मान्य करतो. पण त्या दोन चमच्यांपुढे तू काय म्हणाला असतास, हे मला फार ऐकायचं होतं.

निघताना ‘गोचिसोसामा देशिता’ म्हणालो, म्हणजे जेवणाबद्दल जपानीत आभार मानले. शेफने हातातलं काम थांबवून मान लववली.

घरी आल्यापासून तो सॉस करून पाहतोय. दोनदा फुटला, कारण आच जास्त होती. काल तिसऱ्यांदा धरला. आत्ता कोम्बूचा तुकडा पाण्यात भिजतोय. पुढच्या महिन्याचं दोघांचं बुकिंग केलंय. त्याआधी बरा होऊन एकदा इकडे ये. दोन्ही चमचे मीच तुझ्यापुढे ठेवतो.

तुझाच,
मित्र