ठाण्यातल्या वर्तकनगरच्या शिबिरातल्या ताईंना, मनापासून थँक यू

ताई, नमस्कार.

तुमचा नंबर आहे माझ्याकडे, दोनदा लावला पण, पण बोलायला लागलं की घसा भरून येतो आणि सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून लिहितेय. सगळ्यांसमोर लिहितेय कारण माझ्यासारखी बरीच मुलंमुली सुट्टीत कुठल्या ना कुठल्या शिबिरात व्हॉलंटिअर म्हणून जातात, तुम्ही मला जे शिकवलं ते त्यांनाही कळायला हवं. शिबिरात जिन्यात भेटलेल्या त्या मुलीला आणि तिच्या आईला आधी हे वाचून दाखवलंय. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात, तिने स्वतःच दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली.

तुम्हाला माहितीये, मी ऐरोलीला नोकरी करते, शनिवार-रविवार मोकळे असतात म्हणून नाव दिलेलं. दोन दिवसांचं शिबिर, नववी-दहावीची शंभरेक मुलं, स्टेजवर व्यक्तिमत्त्व विकासाचा मोठा बॅनर. आम्हाला कामं सांगितली ती म्हणजे बॅज लावा, पाण्याच्या बाटल्या वाटा, मुलांना वेळेवर हॉलमध्ये बसवा. पण एखादं मूल येऊन मनातलं काही बोललं तर काय करायचं, हे कोणी म्हणजे कोणीच सांगितलं नव्हतं आणि मला त्याचा अजून राग आहे. सेशन चांगलं होतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. सरांनी स्क्रीनवर जागतिक आरोग्य संघटनेची ती १० जीवनकौशल्यं दाखवली, निर्णय घेणं, ताण हाताळणं, समानुभूती वगैरे, मुलांनी वहीत उतरवून घेतली, मीही घेतली. समानुभूती हा शब्द तासाभरापूर्वी वहीत लिहिला होता आणि जेवणाच्या सुट्टीत जिन्यात तो मला काही उपयोगी पडला नाही.

ती जिन्यात एकटीच बसलेली. बॅजवरचा नावाचा स्टिकर नखाने सोलून काढलेला, त्याची बारीक सुरळी करत होती, परत उलगडत होती, परत करत होती. मी शेजारी बसले. म्हणाली, दीदी, कोणाला सांगणार नाही ना? मी विचारच न करता म्हटलं, नाही गं, प्रॉमिस. मग ती खाली बघतच म्हणाली की प्रिलिमचे मार्क आल्यापासून सारखं वाटतं, मी नसतेच तर घरी सगळ्यांचं बरं झालं असतं.

माझे हातपाय गार पडले. आणि घाबरून मी सुटलेच बोलत, असं बोलू नये, दहावी म्हणजे काही सगळं नाही, ३५ मिळाले तरी पास होतात, आईबाबांना काय वाटेल याचा विचार कर. ती शांतपणे हो दीदी म्हणाली आणि सुरळी खिशात टाकली. तिचं ते हो दीदी मला अजून ऐकू येतं, त्यात तिने मला सोडून दिलं होतं.

तुम्ही रजिस्ट्रेशनच्या टेबलावरून बघितलं असणार. आलात आणि तिच्या समोर नाही, एक पायरी खाली, तिरक्या बसलात. तुमच्याकडे बघायचं असेल तर तिने बघावं, नसेल तर नाही. स्टीलचा डबा उघडलात, शेंगदाण्याचे लाडू होते, म्हणालात, घे गं, तू जेवलेली दिसत नाहीस. तिने घेतला. मग माझा चेहरा बघून तुम्ही तिलाच विचारलंत, हिने कोणाला सांगणार नाही असा शब्द दिलाय का तुला? तो मी हिला परत घ्यायला लावणारे, कारण जिवाचा प्रश्न असेल तर असा शब्द कोणालाच पाळता येत नाही. पण कोणाला सांगायचं आणि कसं, ते तुझ्याशी बोलून ठरवू.

आणि मग सरळ विचारलंत, जीव द्यावा असं मनात येतं का?

ताई, खरं सांगते, मला तेव्हा तुमचा हात धरून थांबवावंसं वाटलं, वाटलं आता हिच्या डोक्यात नको ते भरेल. पण तिने इतका मोठा श्वास सोडला की मला आवाज आला. आणि बोलायला लागली. वीस-पंचवीस मिनिटं ती बोलत होती आणि तुम्ही फक्त हं, मग, आणि एकदा म्हणालात, खूप दिवस एकटीने सांभाळलंस गं. एवढंच. संध्याकाळी बसस्टॉपवर तुम्ही मला समजावलंत की थेट विचारल्याने तसे विचार मनात येत नाहीत, उलट कोणीतरी हे ऐकून घेऊ शकतं हे कळून माणूस मोकळा होतो.

तिच्या आईला फोन करायचं तिने तुमच्यासोबत बसून ठरवलं, सुरुवात ती करणार आणि अडलं तर तुम्ही बोलणार असं. आई आल्या त्या कामावरूनच, आणि पहिलं काय विचारलं तर, म्हणजे हिला ठाण्याला न्यायचं का? ठाण्यात राहणारी बाई असं विचारते, कारण आपल्याकडे ठाण्याला पाठवा म्हणजे वेड्यांच्या हॉस्पिटलात टाका असंच म्हणतात, १९०१ पासून ते मनोरुग्णालय इथे आहे म्हणून. मी स्वतः कॉलेजमध्ये मैत्रिणींना हे चेष्टेत म्हटलंय. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, पाणी दिलंत आणि सांगितलंत की तिथे ओपीडी असते, लोक रांगेत केसपेपर काढून डॉक्टरांशी बोलतात आणि दुपारी घरी जाऊन जेवतात, आणि हिला तिथे जायची गरज आहे की नाही हे आपण आत्ता ठरवायचंच नाहीये, आधी समुपदेशकाकडे जाऊ. आईंचा धरलेला पदर सुटला तेव्हा.

बस येईपर्यंत तुम्ही मला जे सांगितलंत ते मी फोनमध्ये टाइप करून ठेवलंय. टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. आणि मूल कोणी त्रास देत असल्याचं, नको तिथे हात लावल्याचं सांगत असेल तर गुप्त ठेवणं हा पर्यायच नाही, २०१२ च्या पॉक्सो कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलाबाबत असं काही कळलं तर पोलिसांना कळवावंच लागतं, म्हणून कोणाला सांगणार नाही असं आधी कधीच म्हणायचं नाही. पुढच्या शिबिराच्या आयोजकांना मी हे छापून व्हॉलंटिअर्सना द्यायला सांगितलंय, तयार झालेत.

ती आता दर गुरुवारी समुपदेशकाकडे जाते. काही दिवस बरे जातात, काही नाही, तिनेच सांगितलं. मला मेसेज करते, मी उपदेश करत नाही, म्हणजे प्रयत्न करते, कधी कधी टाइप केलेलं खोडते.

तुमचे आभार कसे मानू कळत नाही. त्या दिवशी तुम्ही तिच्यासाठी आलात, पण माझ्याही शेजारी बसलात, मला एका शब्दाने टाकून बोलला नाहीत, आणि घरी पोचल्यावर जेवलीस का म्हणून फोन केलात.

गडबडीत तुमचा डबा माझ्याकडेच राहिलाय. या रविवारी संध्याकाळी घेऊन येते. आईने बजावलंय, रिकामा द्यायचा नाही, तर तिळाची वडी आणतेय.

तुमची,
जिन्यातली दीदी