देवाचं नाव न घेणाऱ्या कायद्याने पालखी दारी आणली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रसदरात एका वाचकांनी लिहिलं होतं, की शाळेत मानवी हक्क कसले शिकवता, धर्म शिकवा. ज्याला देवाची भीती नाही त्याला नीती कुठली? मी दापोली तालुक्यातला निवृत्त शिक्षक. देव मानत नाही हे गावाला चाळीसेक वर्षं ठाऊक आहे आणि त्यावरून कुणी मला त्रास दिलेला नाही. पण हे वाक्य इतक्या वेळा कानावर आलंय, की आता राहवत नाही.

आधी आमच्या गावातलं सांगतो. नाव देत नाही. त्या घराला अजून तिथेच राहायचं आहे, आणि मलाही.

एका घराने देवळाच्या जीर्णोद्धाराचा हिशेब मागितला. मागणारा स्वतः भाविक. चाकरमानी भावाकडून वर्गणी आणून सगळ्यांत आधी भरणारा. गावकी बसली. दंड ठरला, त्याने भरला नाही, आणि घर वाळीत पडलं. वाळीत पडणं म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांना एकदम कळायचं नाही. कुणी मारत नाही, शिव्याही देत नाही. फक्त गिरणवाला दळणाचा डबा बाजूला सारतो, रिक्षा थांबत नाही, लावणीला माणूस मिळत नाही. पुढे २०१८ चा शिमगा आला. त्या बाईने अंगण सारवून रांगोळी घातली, ओटीचं ताट भरून ओट्यावर ठेवलं. घरोघर फिरणारी ग्रामदेवतेची पालखी जांभ्याची पाखाडी चढून आली, शेजारच्या अंगणात नाचली, आणि त्यांच्या अंगणाच्या फाटकासमोरून तशीच पुढे गेली. ढोल मिनिटभरही थांबला नाही. बाई ताट धरून उभीच.

मी तिथेच होतो. मी, गावातला एकमेव जाहीर नास्तिक, मानवतावादावर तास घेणारा. गप्प बसलो. पुढेही दोन महिने गप्पच होतो. सुनेचं बाळंतपण जवळ आलं होतं, म्हटलं आपल्याला कशाला वैर. त्या घराचं दळण त्या दिवसांत कोण दळून आणत होतं? आठवड्यातून तीन उपास करणारी, देवाला कौल लावल्याशिवाय पेरणीचं भातही न काढणारी एक म्हातारी. स्वतःच्या डब्यात त्यांचे तांदूळ मिसळून न्यायची. गावकीने विचारलं तेव्हा म्हणाली, "देवाचा नि दळणाचा काय संबंध?"

तेव्हा पत्रलेखकांना सांगायचं ते हे, की आस्तिक वाईट आणि नास्तिक चांगले असं मी म्हणतच नाही. माझंच उदाहरण त्याच्या आड येतं. पण त्या म्हातारीने देवाला कौल लावून दळण नेलं नव्हतं. शेजारचं पोर उपाशी राहील हे तिला दिसत होतं. आणि पालखी पुढे नेणारे सगळे देवाला भिणारेच होते.

अखेर त्या घराने पोलीस ठाण्यात अर्ज दिला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याचा कायदा २०१६ साली झाला, ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा व्हावा म्हणून जी प्रकरणं पुढे आली त्यांत शेजारच्या रायगड जिल्ह्यातली बरीच होती, हेही विसरू नये. कुणाला धार्मिक विधीत किंवा उत्सवात भाग घेण्यापासून अडवणं हाही या कायद्याने बहिष्कारच. मानकऱ्यांना बोलावणं गेलं आणि २०१९ च्या शिमग्यात पालखी त्या अंगणात आली. भाविकाच्या दारी त्याचा देव आणला तो देवाचं नाव न घेणाऱ्या कायद्याने. गावकीतला एकही धर्मज्ञ त्यासाठी पुढे आला नव्हता.

हे नवीनही नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करा हा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तो स्वीकारला. कागदावर महाडचं चवदार तळं खुलं झालं. पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्यानंतर काय झालं? शेण-गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. करणारे आपल्या परीने धार्मिक आणि नीतिमानच होते. तळ्याबाबत उच्च न्यायालयाचा निकाल लागला १९३७ साली. त्याच १९२७ च्या जुलैत, आमच्या तालुक्यातल्या मुरुडचे र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं. संततिनियमनावर लिहितात म्हणून खटले झाले, पदरमोड झाली, तरी मरेपर्यंत चालवलं. कुठल्या देवाच्या भीतीने?

घटना समितीतही हा प्रश्न आला होता. उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' करावी अशी दुरुस्ती ह. वि. कामथ यांनी १७ ऑक्टोबर १९४९ रोजी मांडली. बाजूने ४१, विरोधात ६८. विरोध करणारे सगळे नास्तिक थोडेच होते! श्रद्धेचं स्वातंत्र्य द्यायचं आणि त्याच वाक्यात श्रद्धा लादायची, हे जमणारं नव्हतं, एवढंच. त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातही देवाचा उल्लेख नाही. त्याच्या पहिल्या कलमात पुरुषवाचक इंग्रजी शब्द होता; 'सर्व मानव' असा बदल भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहतांनी आग्रहाने करवून घेतला. १० डिसेंबर १९४८ ला ४८ देशांनी बाजूने मत दिलं, विरोधात एकही नाही, तटस्थ आठ. हे आठ कोण? देव न मानणारा सोव्हिएत संघ आणि त्याच्या गोटातले देश, धर्मावर चालणारा सौदी अरेबिया, आणि वर्णभेदवाली दक्षिण आफ्रिका. माझ्या बाजूचेही लोक त्यात आहेत, हे मी वर्गात मुद्दाम सांगायचो. मुलं हसायची.

म्हणून म्हणतो, शाळेत हक्क शिकवाच. घरी देवाला हात जोडायला शिकवा, माझी हरकत नाही. पण त्या घराचं दळण म्हातारीच्या चांगुलपणावर किंवा माझ्या धाडसावर अवलंबून राहिलं असतं, तर काय झालं असतं? म्हातारी गेल्या वर्षी वारली. माझ्या धाडसाचं तर वर सांगितलंच.

जीर्णोद्धाराचा हिशेब अजून मिळालेला नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. दापोली, जि. रत्नागिरी